आपल्या घरात सूर नाही

"आपल्याकडे गवई कोण होतं गं?" आईनं फोनवर विचारलं. कामाच्या वेळेत आई सहसा फोन करत नाही, म्हणून तिनं तो घेतला होता. समोर खुर्चीत एक बसचालक मान वाकडी करून बसलेला, त्याच्या कानाची पाळी अजून तिच्या चिमटीत. "कोण गवई?" "तेच विचारतेय. सकाळी फोन आला, म्हातारा आवाज. म्हणाला, गवयाला बोलवा. मी म्हटलं राँग नंबर. परत आला, परत तेच. मग मी जरा तडकलेच. तर म्हणतो, बाई, तुमचे वडील तोफखान्यात होते ना? उंच? डाव्या कानानं अधू? त्यालाच आम्ही गवई म्हणायचो." आई थांबली. "मी सांगितलं, ते गेले म्हणून. तर दोनदा विचारलं, काय म्हणालात? मग म्हणाला, मी तर स्टेशनात उतरलोय. आता मी एकटी बाई त्यांना घरी कशी घेऊ? मी एक बोलते, ते भलतंच ऐकतात, आणि कानातलं यंत्र सारखं शिट्ट्या मारतंय. तुझा पत्ता दिलाय. यंत्र बघ त्यांचं. आणि विचार, ही गवयाची काय भानगड आहे ते." बसचालकानं मान आणखी वाकडी करून विचारलं, "मॅडम, काही गंभीर?" तेव्हा तिला कळलं की आपण त्याची पाळी अजून सोडलेली नाही.

त्याला तिनं काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. दिवसभर हेच काम. ती बाहेर बसून बारीक बारीक आवाज सोडते, आत बसलेला माणूस डोळे मिटून, देवाघरून निरोप यायचा असावा तसा कान लावून बसतो. ह्या कामात तिचं चित्त कधी ढळत नसे. आज मात्र तिनं एकच आवाज पुन्हा पुन्हा सोडला आणि बसचालकानं बिचाऱ्यानं तितक्याच वेळा बटण दाबलं. गवई. शब्द चुकून दुसऱ्याच घराच्या पत्त्यावर आल्यासारखा वाटत होता, आणि तरी पाकिटावर नाव आपलंच. आबा आणि गाणं! आबांना, आईच्या वडलांना, गाण्याचं वावडं होतं हे घरात सगळ्यांना, म्हणजे तिला आणि आईला, पाठ होतं. रेडिओवर बातम्या संपून गाणं लागलं की आबा उठून गॅलरीत जायचे आणि रस्त्याकडे असे बघत राहायचे की जणू वाहनं मोजायची ड्यूटी लागलीय. कुणाला कारलं आवडत नाही, कुणाला मांजर. आबांना गाणं.

बाकी त्यांना न आवडणारं काही तिला आठवत नाही. तिचे वडील दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटून बसले तेव्हा ती इतकी लहान होती की त्यांचे फक्त चप्पल काढायचे आवाज तिच्या लक्षात राहिले. आई बाळंतिणींच्या दवाखान्यात नर्स, तिच्या कामाच्या पाळ्या वेड्यावाकड्या. मग आबा आपलं कागदाच्या गोदामावरचं पहाऱ्याचं काम सोडून नातीच्या पहाऱ्यावर बसले. ते वेण्या घालायचे त्या दोर वळल्यासारख्या, इतक्या घट्ट, की शाळेत बाई विचारायच्या, "तू सारखी आश्चर्यचकित का असतेस गं?" बूट असे चमकवायचे की वाकलं की आपलंच नाक दिसावं. पोहायला त्यांनीच शिकवलं, छातीएवढ्या पाण्यात तासन्‌तास उभं राहून, हात पाण्याखाली धरून. "सोडलं का आबा?" "नाही." "खरंच?" "केव्हाच सोडलं." रस्त्यात ती कायम त्यांच्या उजव्या बाजूला. डावीकडे गेली तर ते न बोलता तिला उचलून उजवीकडे ठेवायचे, फुलदाणी हलवावी तसं. डावा कान तोफेनं बराचसा नेला एवढंच घरात माहीत होतं. उजवा शाबूत आहे असं ते म्हणायचे, पण शाळेत पालकांना बोलावलं की बाई बोलायच्या आणि आबा मान डोलवायचे आणि मग तिच्याकडे बघायचे, ती दुभाषी. "बाई म्हणतायत, मी हुशार आहे." फाटकाबाहेर आल्यावर आबा म्हणायचे, "हुशार म्हणायला बाईंनी एवढ्या भुवया ताणल्या होय?" फटाके, टायर फुटणं, दार आपटणं, कशानंही ते दचकत नसत. पण ताटात चमचा पडला, बारीक, टोकदार असा आवाज झाला की डोळे गच्च मिटून घ्यायचे. आई म्हणायची, एवढ्या मोठ्या तोफा उडवल्या आणि चमच्याला घाबरतात. तेही हसायचे. पुढे कानांचं शिक्षण घेताना तिला त्याचं कारण कळलं, नाव कळलं. नाव कळलं की गोष्ट कळली असं वाटण्याचं ते वय.

आणि ह्या माणसानं, ज्यानं तिला कशालाच नाही म्हटलं नव्हतं, एकदाच नाही म्हटलं होतं. कोपऱ्यावरच्या घरात एक बाई गाणं शिकवायच्या; वर्गातल्या दोघीतिघी जायच्या; तिनं घरी हट्ट धरला. आबा म्हणाले, चित्रकलेला जा. ती म्हणाली, गाणंच. ते म्हणाले, सायकल घेऊ. ती म्हणाली, गाणंच. शेवटी, आपल्याला येतं हे दाखवावं म्हणून ती जिन्यात त्यांच्यासमोर उभी राहिली आणि शाळेतलं एक गाणं तिनं मोठ्यानं म्हटलं. आबांचा चेहरा तिला आजही दिसतो. दाढ ठणकत असलेला माणूस पाहुण्यांसमोर हसू आणतो तसा. तिचं गाणं संपेपर्यंत ते थांबले. मग पायरीवर बसून त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "आपल्या घरात सूर नाही, बाळ. लोक तोंडावर वाहवा करतात, त्यांचं ऐकायचं नाही." इतक्या मायेनं म्हणाले की रडायचीही सोय राहिली नाही. तिनं ते घेतलं. जसं आपलं कपाळ मोठं आहे, आपल्याला दूध पचत नाही, तसं आपल्या घरात सूर नाही. शाळेच्या प्रार्थनेत ती नुसते ओठ हलवायची. वाढदिवसाला सगळे गायला लागले की टाळ्यांचं काम घ्यायची.

बसचालक काच ठोकत होता. तिनं त्याला बाहेर काढलं, कान ठीक आहेत म्हणाली, मग लक्षात आलं की डावा तपासायचा राहिलाच, आणि त्याला पुन्हा आत बसवलं. "मॅडम, तुमचं लक्ष नाही आज," तो समजुतीनं म्हणाला. "मी अशी बस चालवली तर?" तिनं मनापासून माफी मागितली. तो गेल्यावर ती उगाच उठली, खिडकी उघडली, बंद केली. ह्याच खुर्चीत तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी आबा बसले होते. पहिला पेशंट मीच, असं त्यांनी महिनाभर आधीच जाहीर केलेलं. काचेआड पाठीचा कणा ताठ, बूट चमकवलेले, हातात बटण बंदुकीच्या घोड्यासारखं. ती आवाज सोडत नव्हती तेव्हाही ते बटण दाबत होते, बेतानं, अंदाज बांधून. "आबा, वाजत नाहीये तेव्हा दाबू नका." तर काचेआडून दणदणीत आवाजात, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं, "तुझा पहिला दिवस आहे! रिकामा जायला नको!" मागच्या थंडीत ते गेले. झोपेत, कुणाला तोशीस न देता. तेव्हापासून तिला वाटत आलं होतं की आपण त्यांना पुरतं ओळखत होतो, आणि त्या ओळखण्यावर ती दुःख टेकवून ठेवून कामाला लागली होती. आता कुणीतरी ते टेकणंच काढून घेत होतं.

म्हातारा आला तो शिट्टी वाजवतच. म्हणजे त्याचं यंत्र वाजत होतं. त्याला स्वतःला पत्ता नव्हता. ठेंगणा, अंगानं सुकलेला, हातात काठी, पण डोळे असे लख्ख की समोरच्यानं शर्टाची बटणं तपासून घ्यावीत. "गवयाची नात ना तू?" तो ओरडला. बाहेर बसलेले दोघे दचकले. "विचारायची गरजच नाही. कपाळ त्याचंच आहे. मी दुर्बीण." तिला वाटलं तो काही विकायला आलाय. "नाव गं! पलटणीतलं! मी टेकडीवर बसून दुर्बिणीतून बघायचो, गोळा कुठं पडला ते. मी सांगायचो, तो डागायचा. म्हणून मी दुर्बीण, तो गवई." तिनं त्याला बसवलं, यंत्र काढून घेतलं. नळी मळानं बुजलेली, कानातला साचा केव्हाच सैल झालेला. नळी बदलली, साच्यावर पातळ पट्टी चढवली, आणि यंत्र परत कानात बसवून ती मोठ्यानं म्हणाली, "आता येतंय ऐकू?" तो मागे सरकला. "ओरडतेस कशाला?"

मग दोघंही हसले आणि हसता हसता तो पुढे झुकला. "तुझ्या आईनं सांगितलं मला. फोनवर. मी दोनदा विचारलं, मला वाटलं यंत्र चुकतंय." तिला एकच विचारायचं होतं आणि ते विचारायची भीतीही वाटत होती. कानाची तपासणी करून घ्यायला आलेली माणसं दारात घुटमळतात तशी ती स्वतःच्या प्रश्नाच्या दारात घुटमळली. "आबा गायचे?" शेवटी तिनं विचारलं.

"गायचा? गप्प कधी बसायचा ते विचार. तोफ पुसताना गाणं, दाढी करताना गाणं. तोंडात घास असेल तेवढीच काय ती शांतता."

"आवाज चांगला होता?"

दुर्बीण विचारात पडला. मेलेल्या माणसाबद्दल पटकन हो म्हणून टाकणाऱ्यांतला तो नव्हता. "बरा होता. फार काही नाही. पण सुरात होता. थंडीनं काकडत सगळे गोळा होऊन पडलेत, आणि त्यात एक जण सुरात गायला लागला की... माणसं सरळ बसतात गं. बस, एवढंच." काठी त्यानं दोन्ही गुडघ्यांत धरली. "मग ते झालं. गोळा तोफेच्या तोंडाशीच फुटला. मी टेकडीवर, डोळे पुढे लावून बसलेलो. सगळं बघायचं काम माझं, आणि माझ्या पाठीमागे काय झालं ते मला संध्याकाळी कळलं. दोघं गेले. गवई वाचला, कानांतून रक्त. इस्पितळात राहून परत आला तेव्हा आम्हाला सण झाल्यासारखं झालं. पहिल्याच संध्याकाळी म्हटलं, गा. त्यानं एक ओळ म्हटली आणि थांबला. विचारलं, बरोबर लागतोय का रे? आम्ही म्हटलं, एकदम! परत सुरू केलं. परत थांबला. आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, खोटं बोलू नका. आम्हाला वाटलं चेष्टा करतोय. आम्ही हसलो." त्यानं काठीवर हनुवटी टेकवली. "हसायला नको होतं. तो उठून गेला. पुढे ज्यानं ज्यानं म्हटलं गा, त्याला एकच उत्तर. दया नको."

तिच्या हातातला चिमटा खाली पडला. त्या बारीक आवाजानं दुर्बिणीनं डोळे गच्च मिटले. "पण सूर लागत होता का?" ती पुढे झुकून म्हणाली. "खरं सांगा. ते आजारातून उठलेले, म्हणून तुम्ही आपलं मन राखायला..."

"मन राखायला? अगं, आम्ही तोफखान्यातली माणसं. तो जरा जरी बेसूर झाला असता तर आम्ही त्याला महिनाभर जगू दिलं नसतं. सूर पहिल्यासारखाच होता! अगदी पहिल्यासारखा!"

तिला बसवेना. ती उठून काचेच्या खोलीपर्यंत गेली आणि परत आली. हे तिला माहीत होतं. पुस्तकात होतं, परीक्षेत आलं होतं, तिनं त्यावर पूर्ण मार्क मिळवले होते. कान असा दुखावला की काही माणसांना एकच सूर दोन कानांत दोन उंचींवर ऐकू येतो. गळा ठीक असतो, समोरची पेटी ठीक असते, जग सुरात असतं; आत पोचेपर्यंत ते फाटतं. बोलणं समजतं, चालणं-फिरणं अडत नाही, म्हणून कुणाला सांगायची पाळी येत नाही. तपासायला सोपं आहे. एका कानात एक सूर, मग दुसऱ्यात तोच, आणि विचारायचं, दोन्ही सारखे वाटतात का? पण हा प्रश्न गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाच विचारायचा असतो. ताठ कण्याच्या, चमकत्या बुटांच्या निवृत्त सैनिकाला कोण कशाला विचारील? तिनं दुर्बिणीला हे सांगितलं. साध्या शब्दांत, पण दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा त्याला ऐकू आलं होतं, पण पटलं नव्हतं.

"म्हणजे आम्ही खोटे नव्हतो," तो हळूच म्हणाला.

"नाही."

"आणि तोही."

"तेही नाही."

"मग गेला कुठं सूर?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, "मी एकदा आलो होतो तुमच्या दारात. त्यानं मला जिन्यावरूनच खाली नेलं, कोपऱ्यावर चहा पाजला आणि वाटेला लावलं. तू होतीस बरोबर. दोन घट्ट वेण्या. मी म्हटलं, पोरीला गाणं शिकवतोस की नाही? तर असं बघितलं माझ्याकडे... तेव्हापासून आलो नाही. म्हटलं, असू दे त्याचा राग. पण आता हा कानही चाललाय. वाटलं, पुरता जायच्या आत त्याला एकदा गायला लावावं. भांडून का होईना."

तिनं विचारलं, ते काय गायचे, एखादं तरी म्हणून दाखवा. दुर्बिणीनं डोळे मिटले, ओठ हलवले, काठीनं जमिनीवर ताल धरायचा प्रयत्न केला आणि सोडला. "शब्द आहेत थोडे. चाल गेली. चालच तर त्याची होती. मी बघणारा माणूस गं, मला गाता येत नाही." यंत्राच्या दुरुस्तीचे पैसे तिनं घेतले नाहीत म्हणून तो भांडला, आणि स्टेशनपर्यंत ती सोबत आली म्हणून पुन्हा भांडला. गाडीत खिडकीशी बसल्यावर त्यानं तिला खाली उभी बघून बाहेर हात काढला आणि तिच्या कपाळावर ठेवला. काही म्हणाला, पण इंजिनाच्या आवाजात ते तिला ऐकू आलं नाही, आणि परत विचारण्याइतका वेळ नव्हता.

घरी जायला ती बसमध्ये चढली आणि दोन थांबे आधीच उतरली. बसून राहणं जमत नव्हतं. दुकानांचे दिवे लागत होते, एका दुकानासमोर कुणी शटरला तेल घालत होतं, एका घरातून कुकरची शिट्टी, एका फोनची घंटा, आणि ह्यातला एक एक आवाज तिला आबांच्या डोक्यातून जाऊन येत असल्यासारखा वाटायला लागला: दुभंगलेला, कडेनं फाटलेला. असं जगत होते ते? इतकी वर्षं? आणि त्यातून माझा आवाज? जिन्यात उभं राहून मी गायले तेव्हा त्यांच्या आत काय पोचलं असेल? कुणावर रागवावं ते तिला सापडेना. खोटं कुणीच बोललं नव्हतं. मित्रांनी जे ऐकलं ते सांगितलं. आबांनी जे ऐकलं ते मानलं, आणि आपली झाली तशी फजिती नातीची होऊ नये म्हणून तिला मायेनं गप्प केलं. पोहताना पाण्याखाली हात धरला, तसाच हाही हात. फक्त हा त्यांनी सोडला नाही. रागवायला कुणी नाही म्हटल्यावर राग पायांत उतरतो. ती भराभर चालत सुटली.

आई भांडी घासत होती. तिनं पाठमोऱ्या आईलाच सगळं सांगितलं; दुर्बीण, टेकडी, ती संध्याकाळ, कान. आईचे हात चालूच होते, मग सावकाश थांबले. नळ वाहत राहिला. "मला पण तेच म्हणाले होते," आई म्हणाली. "आपल्या घरात सूर नाही. शाळेच्या गाण्यात मी नुसती तोंड हलवायची. बाईंना वर्षभर कळलं नाही." ती वळली. तोंडावर फेसाचा एक ठिपका. "तुला झोपवताना मी गायले नाही कधी. पाढे म्हणायची. आठवतं? लोक म्हणायचे, नर्स आहे ना, शिस्तीची. मला काय हौस होती पाढ्यांची?"

"आई, त्यांना माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं ते दिसतंयच की," आई म्हणाली, आणि तिचा आवाज असा झाला की आता ही रडणार असं तिला वाटलं. पण आईनं नळ बंद केला, ओले हात पदराला पुसले, ओट्याला टेकून उभी राहिली आणि समोरच्या भिंतीकडे बघत शाळेतलं ते गाणं म्हणायला सुरुवात केली. शब्द एकही चुकला नाही. इतकी वर्षं ते तोंडात तयारच होते. आवाज मात्र पहिल्याच उंच जागी घसरला, खाली येताना कुठल्याही पायरीवर न टेकता गडगडत आला, आणि ओळ संपली तेव्हा सुरुवातीच्या आसपासही नव्हता. शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. आईनं तिच्याकडे बघितलं.

काय सांगावं? कान हा तिचा धंदा होता. क्षणभर तिला आबांच्या मित्रांची तोंडं दिसली, एकेक करून.

"अजिबात लागला नाही," ती म्हणाली.

"मला ऐकू येतंय की," आई म्हणाली, आणि पुढची ओळ म्हणायला लागली.